बारटक्के झाले का?

सत्तावीस वर्षं मी बायकांची झडती घेतली. सकाळी आत जाताना एकदा, संध्याकाळी बाहेर पडताना एकदा. नोकरीत होते तोवर हे वाक्य मी चारचौघांत कधी उच्चारलं नाही. लग्नकार्यात कोणी विचारलं तर "कारखान्यात असते" एवढंच सांगायची आणि पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून कोशिंबिरीचं भांडं हातात घेऊन वाढायला उठायची. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. विचारणारी माणसंही बहुतेक राहिलेली नाहीत. दिवाळी अंकात डॉक्टर लिहितात, वकील लिहितात, एका झडतीवालीनं लिहिलं म्हणून अंकाची काही बेअब्रू होणार नाही.

कारखाना खडकीच्या पुढे होता. त्याचं नाव सांगत नाही. आता तिथे उंच इमारती आहेत आणि त्यांना इंग्रजी नावं आहेत. खाणीत सुरुंग उडवायला ज्या टोप्या लागतात, त्या तिथे बनत. करंगळीपेक्षा बारीक तांब्याची नळी, तिच्यात पूड भरायची, दाबायची, तोंड बंद करायचं. काम नाजूक, म्हणून बायका जास्त. आणि एका ठिणगीचा प्रश्न, म्हणून फाटकावर झडती.

आत काय न्यायचं नाही त्याची यादी फाटकाशी टांगलेली होती. काडेपेटी, विडी, तंबाखूची डबी, चाव्या, पिना, केसांतले आकडे. जोडव्यांवर चिंधी बांधायची, मंगळसूत्राला कापडाची पट्टी गुंडाळायची. नायलॉनची साडी नेसून यायचं नाही, कारण नायलॉन घासलं की त्यातून वीज निघते. नायलॉनचं खूळ नुकतंच आलं होतं, त्यामुळे या एका नियमावरून जेवढी भांडणं झाली तेवढी बाकीच्या सगळ्या यादीवरून झाली नाहीत. एक नवी नवरी नवऱ्यानं हौसेनं आणलेली गुलाबी साडी नेसून आली. मी परत पाठवली तर फाटकातच फतकल मारून रडायला बसली. बाहेर पडताना यादी लहान होती. तांबं, एवढंच. त्या नळ्यांना भंगारवाल्याकडे चांगलं गिऱ्हाईक होतं.

झडती उलट्या हातानं घेतात. तळहात फिरवला की समोरच्या बाईला चाचपल्यासारखं वाटतं. उलटा हात नुसता वरून गेल्यासारखा जातो, आणि त्याला कळतं मात्र जास्त. आधी अंबाडा, मग मान, काखा, चोळीची कड, कंबर, निऱ्या. नऊवारी असेल तर काष्टा. शेवटी पाय. एका बाईला चार-पाच श्वास, की पुढची. हे मला कोणी शिकवलं नाही. आधीची झडतीवाली नोकरी सोडून गेली होती. का गेली, ते मला महिन्याभरात समजलं. बायका तुम्हाला शिव्या देतात याचं काही वाटत नाही. पण दिवसाला दीडशे बायकांची शरीरं हातांखालून जातात आणि त्यांतली निम्मी दुखत असतात. कोणाला ताप, कोणाच्या बरगड्या लागतात, कोणी पाठीला हात लावला की दचकते. संध्याकाळी घरी येऊन मी हात धुवायची आणि बराच वेळ काही उचलायची नाही.

या नोकरीत मी कशी आले, तर माझे यजमान तिथे हजेरी-कारकून होते. आम्ही नारायण पेठेतले. पानशेतच्या पुरात बिऱ्हाड गेलं, तेव्हा कारखान्याला जवळ म्हणून खडकी बाजारात दोन खोल्या घेतल्या. दोन वर्षांनी यजमान काविळीनं गेले. मुलगा सहा वर्षांचा होता. मी मॅट्रिकला एकदा बसलेली आणि तशीच उठलेली. मालक म्हणाले, "मोघेबाई, जागा आहे. पण ती अशी आहे." मी म्हटलं, असू दे.

यजमानांना रहस्यकथांचं वेड होतं. हाताच्या पंजाएवढ्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या तेव्हा निघत. मुखपृष्ठावर पिस्तूल आणि तोंडावर हात घेतलेली बाई. पेठेपेठेतल्या वाचनालयांत त्या भाड्यानं मिळत आणि मागचं पान बहुधा फाटलेलं असे. त्यांतला एक डिटेक्टिव्ह होता रघुवीर बारटक्के. राहायचा मुंबईला, पण त्याची मावशी शनिवार पेठेत होती. त्यामुळे दर पुस्तकात एकदा तरी तो पुण्याला येऊन मावशीकडे जेवायचा आणि जेवताजेवता त्याला खुनी कोण ते कळायचं. पुण्यातल्या वाचकांना यात वावगं काही वाटत नसे. गुन्हेगाराला गाठलं की तो एकच वाक्य बोलायचा, "हात वर करा. बोलायचं नंतर." आणि मग स्वतःच्या हातानं त्याचे खिसे तपासायचा. लेखकाचं नाव मला आठवत नाही. ते कोणालाच आठवत नाही. यजमान दुपारी झोपले की पुस्तक त्यांच्या छातीवरून उचलून मीही वाचायची.

पहिल्या दिवशी मी फाटकाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत पडद्याआड उभी राहिले. परक्या बाईला "हात वर कर" असं म्हणायचं तरी कसं? रांगेत पहिली होती हौसाबाई. कळस गावची, घरची शेती, दोन म्हशी, आणि कारखान्यात सगळ्यांत जुनी. ती समोर येऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हात वर करा. बोलायचं नंतर."

हौसाबाईनं हात वर केले, माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि मागे वळून ओरडली, "अगं बया! बारटक्के आला की गं!"

रांग हसली. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण जेवणाच्या सुट्टीत एक मुलगी बारटक्के मोठ्यानं वाचायची. हौसाबाई पुढ्यात मांडी घालून ऐकायची आणि मध्ये कोणी बोललं तर हातातला कांदा फेकून मारायची, हे मला नंतर कळलं. त्या हसण्यानं त्या दिवशी मला वाचवलं. दीडशे बायका हसत हसत हात वर करून गेल्या.

पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या नावाचं काय काय झालं, ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. पहिला महिनाभर ते माझं नाव होतं. "बारटक्के, आज लवकर सोडा." मग ते जागेचं झालं. "बारटक्क्यापाशी थांब गं, मी आलेच." मग ते कामाचंच नाव झालं. आत गेलेल्या बाईला दुसरी विचारायची, "बारटक्के झाले का?" एकदा झाले का म्हटल्यावर किती झाले हेही आलं. सकाळचा एक बारटक्का, संध्याकाळचा एक बारटक्का, दिवसाचे दोन बारटक्के. गावाकडच्या बायकांनी त्याचं क्रियापदही केलं. "मला आज दोनदा बारटकलं बाई." ते तिथून पुरुषांच्या फाटकावर गेलं, तिथून बोपोडीच्या चाळींत. शाळेतून आलेल्या पोराचं दप्तर उलटं करताना आया म्हणायच्या, "थांब, तुझं बारटक्के करते." नवीन लागलेल्या मुलींनी ती पुस्तकं पाहिलीसुद्धा नव्हती. त्यांना वाटायचं हा सरकारी शब्द असेल, तहसील किंवा पंचनामा यांच्यासारखा.

कारखान्यात उत्तरेकडचे एक मॅनेजर बदलून आले, त्यांनाही तसंच वाटलं. त्यांनी फाटकावर हुकूम लावला, 'सभी महिला कर्मचारी बारटक्के के बाद ही प्रवेश करें.' खाली सही, शिक्का. आमचे सुरक्षा-अधिकारी फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार होते. त्यांनी तो हुकूम दोनदा वाचला आणि मला म्हणाले, "मोघेबाई, आपण आता कायद्यात बसलात."

गमतीही होत. एकदा हौसाबाईच्या चोळीत काहीतरी हललं. मी हात मागे घेतला. तिनं शांतपणे एक कोंबडीचं पिल्लू बाहेर काढलं. "आजारी हाय वो. ऊब पायजे त्येला." आत जिथे ठिणगीला मज्जाव, तिथे ही पिल्लू उबवायला निघाली होती. यादीत कोंबडी नव्हती, म्हणून तिनं वाद घातला. शेवटी पिल्लू दिवसभर माझ्या टेबलाच्या खणात राहिलं आणि हौसाबाईनं तासातासाला निरोप पाठवून त्याची चौकशी केली.

इथपर्यंतचं मी पूर्वीही कधीमधी कोणाला सांगितलं आहे. पुढचं सांगितलेलं नाही.

रंजना कारखान्यात आली तेव्हा वीसेक वर्षांची असेल. बोपोडीला राहायची. बारीक, सावळी, अबोल. नवरा नुकताच क्षयानं दवाखान्यात पडलेला, घरात म्हातारी आई. तिला पिवळ्या खात्यात घेतलं. तिथली पूड पिवळी असे, आणि तिथे काम करणाऱ्या बायकांचे तळहात, नखं, कधी कधी केसांची मुळंही पिवळी होत. हळदीच्या गिरणीतून आल्यासारख्या दिसत. हळद लागली की काय म्हणून पाहुणे विचारायचे. कारखान्याचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. पोटुशी बाई पिवळ्या खात्यात ठेवायची नाही, हा नियम त्यांनीच घातलेला. कायम झालेली बाई असेल तर तिला पॅकिंगला पाठवत. हंगामी असेल तर उद्यापासून येऊ नकोस म्हणत. रंजना हंगामी होती. ठरावीक दिवस खाडा न करता भरले की ती कायम होणार होती.

एका सकाळी माझा हात तिच्या कमरेवरून गेला आणि थांबला. परकराच्या आत घट्ट पट्टा बांधलेला होता, जुन्या लुगड्याचा.

"हे काय?"

"पोट दुखतं बाई. ऊब राहते."

मी तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती. माझ्या हाताला पट्ट्याखाली काय आहे ते केव्हाच समजलं होतं. मी स्वतः एक मूल जन्माला घातलं होतं आणि तोवर हजारो बायका तपासल्या होत्या. मी म्हटलं, "जा."

पट्टा यादीत नव्हता. तसं मी मनाला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. कारखान्याचं फाटक बंद झालं की दुसरं कोणतं फाटक उघडत नाही, हे मला यजमान गेल्यावर पंधरा दिवसांत कळलं होतं. हिला तर बोलावून "जागा आहे" म्हणणारा मालकही नव्हता.

त्यानंतर रोज दोनदा. पट्टा एकेक बोट वर सरकत गेला. साडी ती जास्त चोपून नेसायला लागली. आम्ही त्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. ती हात वर करायची, माझा हात तिथपर्यंत यायचा, पुढे जायचा, ती पदर सारखा करून निघायची. तिचे किती दिवस भरायचे राहिले आहेत हे मला पाठ झालं होतं. तिलाही असणारच.

एका दुपारी हौसाबाई माझ्या खोलीत आली. पडदा ओढला आणि स्टुलावर बसली.

"तुमास्नी ठावं हाय न्हवं?"

"काय?"

"रंजीचं. माज्या डोळ्याला वाईच शंका हाय. तुमच्या हाताला पक्कं ठावं हाय."

मी म्हटलं, "हौसाबाई, माझं काम वस्तू शोधायचं आहे. यादीत आहे तेवढं."

"कोंबडीचं पिल्लू बी यादीत न्हवतं. त्येला न्हाई जाऊ दिलं आत."

मला राग आला. "तिचे सतराच दिवस राहिलेत," मी म्हटलं. बोलून गेल्यावर समजलं की मी कबूल केलं आहे.

हौसाबाई उठली. "सतरा दिस थांब, असं त्या पोटातल्याला कोन समजावनार? डॉक्टरला सांगा. पोरगी तुमास्नी शिव्या दील, देऊ दे. ह्ये तुमचं काम हाय, माजं न्हाई. माजं कोन ऐकतंय?"

मी सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायची, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी वाटायचं, आणखी एक दिवस गेला, बरं झालं. डॉक्टर गुरुवारी यायचे. त्या मधल्या गुरुवारी ते माझ्या खोलीवरून गेले, "कसं काय मोघेबाई?" म्हणाले. मी म्हटलं, "बरं आहे."

अकरा दिवस राहिले असताना रंजनाला पिवळ्या खात्यात चक्कर आली. तिच्या हातात भरलेल्या टोप्यांचा ट्रे होता. तो ट्रे पडला असता तर त्या खोलीत चाळीस बायका होत्या. शेजारच्या बायकांनी नंतर सांगितलं, तिचे डोळे फिरले, तोंड पांढरं पडलं, पण तिनं गुडघे वाकवून ट्रे आधी टेबलावर नीट टेकवला, हात काढून घेतले आणि मग ती पडली. भोंगा वाजला. सगळ्या बाहेर मैदानात. तिला चादरीवर घालून चौघींनी फाटकातून नेलं. माझ्यासमोरून. झडती न घेता फाटकातून गेलेली ती पहिली बाई.

सातवा महिना होता. मूल गेलं. पुडीमुळे गेलं, पट्ट्यामुळे गेलं, की जायचंच होतं म्हणून गेलं, ते डॉक्टरांनी नक्की सांगितलं नाही. मला आजही माहीत नाही. माहीत असतं तर बरं वाटलं असतं की वाईट, तेही सांगता येत नाही.

चौकशी झाली. सुभेदारांच्या खोलीत मॅनेजर, डॉक्टर, मी, आणि बायकांच्या वतीनं हौसाबाई. सुभेदार मऊ आवाजात बोलले, तेच मला जास्त लागलं.

"मोघेबाई, ती दिवसातून दोनदा आपल्या हाताखालून जात होती. आपल्याला कळलं नाही?"

बारटक्के शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवायचा आणि मग सांगायचा. इथे सगळे बसलेले होते.

"नाही," मी म्हटलं.

सुभेदारांनी लिहून घेतलं. हौसाबाई माझ्याकडे बघत होती. तिनं तोंड उघडलं नाही. तिनं खरं सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हौसाबाई..."

"जाते मोघेबाई," ती म्हणाली. "म्हशीची धार ऱ्हायलीया."

तोपर्यंत तिनं मला मोघेबाई कधी म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत तिनं मला दुसरं काही म्हटलं नाही. एकदा रांगेत कोणीतरी "बारटक्के, आटपा" म्हणालं, तेव्हा ती तिला म्हणाली, "बारटक्क्याला समदं कळतं, अन् तो सांगतो. ह्या मोघेबाई हायेत." हळूच म्हणाली, पण मला ऐकू जाईल एवढ्या हळू.

रंजना दीड महिन्यानं कामावर आली. ट्रे खाली ठेवला म्हणून मालकांनी तिला कायम केलं होतं आणि पॅकिंगला घेतलं होतं. चाळीस जणींना वाचवलंस म्हणून तिला एक साडी आणि नारळही दिला. त्या सकाळी ती रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली. तिनं हात वर केले. माझा हात मानेवरून आला, काखेतून खाली आला आणि कमरेपाशी पुढे जाईना.

"घ्या ना बाई," ती म्हणाली. "आता काही नाही."

मी पुढची अठरा वर्षं तिची झडती घेतली. दिवसाला दोन. ती कधी काही बोलली नाही, मीही नाही. माणसं समजतात वेळ गेला की गोष्टी फिकट होतात. रोज दोनदा हात लावल्यावर काही फिकट होत नाही.

शब्द मात्र आमच्याशिवाय पुढे जात राहिला. हौसाबाईनं तो माझ्यावरून काढून घेतला होता, पण तो एव्हाना तिचाही नव्हता. यंत्रं आली, दार पार केलं की पीं-पीं वाजायला लागलं, तरी बायका त्याला बारटक्के म्हणत. मी निवृत्त झाले, कारखाना बंद पडला, माझी सून संगणकाच्या कंपनीत लागली. पहिल्या आठवड्यात घरी येऊन म्हणाली, "आई, आमच्याकडे गेटवर रोज बॅगचं बारटक्के करतात, इतकं बोअर होतं." तिला हा शब्द कुठून मिळाला विचारलं, तर बोपोडीहून येणारी एक मैत्रीण म्हणते, म्हणाली. मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगायचं होतं? की तो एक माणूस होता, आणि तो खरा नव्हता, आणि काही दिवस मी तो होते?

गेल्या वर्षी सकाळी फोन आला. "बाई, मी रंजना. हौसामावशी गेल्या."

आम्ही दोघी कळसला जाऊन आलो. आता ते गाव राहिलेलं नाही. हौसाबाईच्या शेतात सोसायटी झाली आहे आणि तिचा नातू खाली गाड्यांच्या शोरूममध्ये बसतो. तो आमच्याशी चांगलं बोलला. आजी तुमच्याबद्दल सांगायची, म्हणाला. काय सांगायची ते मी विचारलं नाही. परत येताना रंजना म्हणाली, "घरी चला बाई. चहा घ्या."

बोपोडीत तिचा लहानसा फ्लॅट आहे. नवरा बरा होऊन पुढे बरीच वर्षं जगला. नंतर एक मुलगा झाला. तो आता बँकेत आहे. सून आत भाजी चिरत होती. रंजनाचे केस पांढरे झाले आहेत आणि हात आता कोणाही बाईच्या हातासारखे आहेत. मी चहाचा कप हातात धरला आणि, माझं वय आता ऐंशीला टेकलंय, आणखी कधी सांगणार, म्हणून बोलले.

"रंजना, मला माहीत होतं."

काय माहीत होतं, हे तिनं विचारलं नाही.

"तुम्हाला माहीत आहे, हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "कमरेशी आला की तुमचा हात हळू व्हायचा."

"मी सांगायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "सांगायला हवं होतंत." मग पदर सारखा करत, "तेव्हा मी तुमचं तोंड पाहिलं नसतं. तुम्ही माझं वाटोळं केलंत म्हटलं असतं. पण सांगायला हवं होतं."

मी मान हलवली. तिनं मला माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही ते मागितलं नाही. आतून सुरीचा आवाज येत होता. तिनं उठून मधलं दार लोटलं आणि परत येऊन माझ्या शेजारी बसली, खुर्ची सोडून, दिवाणावर.

"एक सांगू का बाई? मी ह्यांना कळू दिलं नव्हतं. आईला तर नाहीच. पट्टा बांधताना मी स्वतः रागानंच बांधायची. तिच्यावरून कोणाचा हात फिरला असेल तर तो तुमचाच. दिवसातून दोनदा. तेवढंच तिला मिळालं."

मी कप खाली ठेवला. मग मी विचारलं, "मुलगी होती?"

"मुलगी." इतक्या वर्षांत हे तिला कोणीच विचारलं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "मी नाव ठेवलं होतं तिला. मनातल्या मनात. बसस्टॉपपासून फाटकापर्यंत चालताना तिला हाक मारायची."

आणि तिनं दाराकडे एकदा पाहून, आवाज खाली आणून, ते नाव मला सांगितलं.

ते मी इथे लिहीत नाही. ते आम्हा दोघींनाच माहीत आहे, आणि तसंच राहू दे.